हळदीची चाल

अण्णांचा एक नियम होता. चाल कुणाचीही घ्यावी, पण तिचे मूळचे शब्द विचारू नयेत. सिनेमातली असो, कव्वालीतली असो, नाहीतर लग्नाच्या बॅण्डची. कानावर पडली, आवडली, की तिच्यावर आपले शब्द बसवायचे आणि मोकळं व्हायचं. "शब्द इचारले की चाल जड होती. मंग ती दुसऱ्याचं वझं घेऊन येती," असं ते म्हणायचे. आमची गायनपार्टी याच नियमावर चालत होती. हार्मोनियमवर अण्णा, ढोलकीवर किसनकाका, बेंजोवर माझा भाऊ गौतम, ज्याला मी दादा म्हणायची, आणि कोरसला आम्ही चार बायका. त्या चौघींत सगळ्यात लहान मी, अकरावीत शिकणारी. जयंतीच्या महिन्यात आम्हाला उसंत नसे. बाकीच्या दिवसांत बारशी, लग्नं, पुण्यानुमोदन. माणूस जन्मला तरी आम्ही, मेला तरी आम्ही, असं किसनकाका हसून सांगायचे.

घर आमचं वसाहतीच्या टोकाला. दोन खोल्या आणि मागे पत्र्याची एक जादा खोली. अण्णा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. रविवारी सकाळी पुढच्या खोलीत तालीम चाले आणि मागे माय भाकरी थापत असे. तिचं थापणं ढोलकीच्या ठेक्यात पडायचं. ठेका चुकला की किसनकाका ओरडायचे, "वहिनी, तुम्ही चुकल्या का मी चुकलो?" माय सटाण्याकडची. चाळीस वर्षं नाशकात काढूनही तिने तिची अहिराणी सोडली नाही. नवऱ्याशी, भाजीवालीशी, शाळेच्या हेडमास्तरांशीही ती तिच्याच बोलीत बोलायची आणि समोरच्याला समजलंच पाहिजे असं तिचं म्हणणं असे. बहुतेकांना समजायचंही. मी पुढे बत्तीस वर्षं मराठी शिकवलं, प्रमाणभाषेचे तास घेतले, पण भूक लागली की मला अजून अहिराणीच आठवते.

दादा शालिमारजवळच्या एका रेडिओ-टेपरेकॉर्डरच्या दुकानात दुरुस्तीला होता. तिथे एक दिवस एक उंच, काळाभोर तरुण टेपरेकॉर्डर काखेत धरून आला. आत कॅसेट अडकून तिची फीत आतड्यासारखी बाहेर आली होती आणि तो इतका घाबरला होता की दादाला आधी वाटलं, याचं कुणीतरी गेलं. दादाने दोन तास खपून ती फीत सोडवली. तुटलेल्या जागी बारीक चिकटपट्टी लावली, पेन्सिलीने गुंडाळली आणि चालते का हे पाहायला बटण दाबलं. त्या दिवशी तो घरी आला तो जेवायलाही न बसता बेंजो घेऊन बसला. "अण्णा, वाजवायला काहीच नव्हतं त्यात," तो म्हणाला. "नुसते गळे. पण ढोलकी, बाजा सगळं ऐकू येत होतं."

त्या तरुणाचं नाव सिफो. दक्षिण आफ्रिकेतला. देशातून पळून, दोन-तीन देश ओलांडून, कुठल्याशा शिष्यवृत्तीवर नाशकात बी.कॉम. करायला आला होता. तेव्हा तो मित्राच्या खोलीत चोरून राहत होता, कारण त्याला कुणी खोली देत नव्हतं. गंगापूर रोडपासून द्वारकेपर्यंत त्याने दारं वाजवली होती. दादाने हे सांगितलं तेव्हा अण्णा भाकरीचा घास हातात धरून थांबले. मी जन्मायच्या आधी त्यांनीही पंचवटीत अशीच दारं वाजवली होती. "आपल्याला आडनाव इचारून नाय म्हणायचे," ते म्हणाले. "याला तर इचारायची बी गरज नाय." दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतल्या गोवऱ्या आणि जुने डबे निघाले आणि सिफो आला. वसाहतीत थोडी कुजबुज झालीच. आपण फार धुतल्या तांदळाचे नव्हतो. "पोरीचं घर आहे" असं एकीने मायला सुनावलं तेव्हा मायने तिला दारातूनच वाटेला लावलं.

सिफोने पहिल्या रविवारी मक्याचं पीठ पाण्यात घट्ट शिजवलं आणि भीत भीत आमच्यापुढे ठेवलं. मायने बोटाने चाखून पाहिलं आणि खदखदून हसली. "हाऊ ते आपला घाटा शे!" त्या दिवसापासून तो शिपू झाला. घाटा त्याने करायचा, कुळथाचं पिठलं मायने. मराठी तो शिकला ती मायची. कॉलेजात एकदा प्राध्यापकांना त्याने "माले समजनं नही" असं सांगितलं आणि सगळा वर्ग बाकं बडवत हसला. त्याला वाटलं उत्तर बरोबर आलं. त्याचं हसणंही मोठं होतं, घरभर पुरणारं. पण संध्याकाळी तो खोलीच्या पायरीवर रेडिओ कानाला लावून बसे, तेव्हा त्याच्याकडे बघवत नसे. खरखरीतून त्याच्या देशाच्या बातम्या यायच्या. कुठे गोळीबार झाला, किती गेले. नावं कधी सांगत नसत, नुसते आकडे. त्याचा धाकटा भाऊ तिथे होता. पत्र पाठवलं तर भाऊच पकडला जाईल म्हणून हा पाठवत नव्हता. आकडा ऐकायचा आणि त्यात आपला भाऊ आहे की नाही ते ठरवत रात्र काढायची. माय त्याला बळेच उठवायची, "जेवी ले रे शिपू, उपाशी राहीसन तो काही येवाव नही."

त्याच्याकडे अकरा कॅसेट होत्या. काहींवर नुसती गिटारं होती, झऱ्यासारखी पळणारी. ती लागली की किसनकाकांचा पाय आपोआप हलायचा. काही दारूच्या गुत्त्यांत वाजणारी, पिपाणीसारख्या बासरीची. काही गाणी त्यांच्याकडे म्हटली तरी तुरुंग होता. सिफो सांगायचा, आमच्याकडे काळ्या माणसाला स्वतःच्या गावात फिरायलाही परवान्याचं पुस्तक लागतं. ते खिशात नसलं की पोलीस उचलतात. म्हणून आम्ही त्या पुस्तकावरच गाणं केलं. "मंग पोलीस थांबले का?" अण्णांनी विचारलं. अण्णांना गाण्याची कमाई कळत होती, पण तिचा हिशोब कुठेतरी चुकतो अशी शंकाही होती. "नाही थांबले," सिफो म्हणाला. "पण अण्णा, रस्त्यावर माणूस एकटा पडत नाही." हे वाक्य अण्णांना इतकं पटलं की पुढच्या कार्यक्रमात त्यांनी ते स्वतःचं म्हणून वापरलं. कानाला चालीची सवय, जिभेला उसनवारीची!

दादाच्या मनात मात्र त्या पहिल्या दिवशीचीच कॅसेट बसली होती. नुसते गळे असलेली. त्यातल्या एका गाण्यात एक माणूस पुढे होऊन प्रश्न विचारतो आणि बाकीचे सगळे त्याला एकदम उत्तर देतात. ठेका असा की बसलेला माणूस उठावा. दादाने महिनाभर ते ऐकलं आणि नियमाप्रमाणे शब्द विचारले नाहीत. एक दिवस त्याने हळदीचं गाणं आणलं. हळद काही धम्मात सांगितलेली नाही, अण्णा दर लग्नात तसं बजावायचे. पण बायकांनी ती सोडली नाही आणि गायनपार्टीला बायकांशी वाकडं घेऊन चालत नाही. "हळद कुणी दळली गं?" दादाने विचारायचं, आणि आम्ही चौघींनी म्हणायचं, "आम्ही गं आम्ही." "नवरीला कुणी लावली गं?" "आम्ही गं आम्ही." एवढंच. लहान पोरालाही पहिल्या फटक्यात यावं असं. अण्णांनी ऐकलं, पेटीवर एकदा वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "हे राहील." दादाने याआधी चाळीस-पन्नास गाणी केली असतील, अण्णांच्या तोंडून असा शब्द कधी निघाला नव्हता. तो बेंजो पुसत बसला, पुसून झाला तरी पुसत राहिला. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

पहिल्यांदा ते आम्ही पिंपळगाव बसवंतला म्हटलं, द्राक्षांच्या पेट्या भरणाऱ्या एका बाईच्या मुलीच्या हळदीला. सिफोही आमच्या टेंपोत आला होता. दुपारची वेळ, मांडवात मावणार नाहीत एवढ्या बायका. पहिल्या कडव्याला त्या उठल्या, दुसऱ्याला नाचायला लागल्या, आणि गाणं संपू देईनात. तेवढ्यात माझं लक्ष सिफोकडे गेलं. तो मांडवाच्या खांबाशी ताठ उभा होता. हात मांड्यांना लावलेले, मान खाली. चारदा गाणं झालं, चारही वेळा तो तसाच. लोक म्हणाले, पाहुण्याने मान दिला बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला नळावर गाठलं. "सिफोभाऊ, गाणं आवडलं नाही का?" त्याने बादली भरू दिली, मग नळ बंद केला. "हाई गाणं मयतनं शे," तो म्हणाला. मग त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत त्याने सांगितलं ते असं. पोलिसांच्या गोळीने मेलेल्याला पुरायला नेतात तेव्हा हे म्हणतात. पुढचा विचारतो, याचं ओझं कोण उचलणार? मागचे म्हणतात, आम्ही. आणि त्याची एक रीत आहे. पुढच्याचा आवाज फुटला, किंवा तो पडला, तर त्याच्या शेजारी जो उभा असेल त्याने ओळ घ्यायची. गाणं थांबू द्यायचं नाही, कारण गाणं थांबलं की पळापळ होते आणि पळणाऱ्याला पाठीत गोळी लागते. मी विचारलं, इतकं दुःखाचं तर नाचण्याजोगी चाल कशाला? तो म्हणाला, "रडत चाललो तर ते हसतात."

"दादाला सांगणार?" मी विचारलं. "तू सांग," तो म्हणाला. "तुझा भाऊ आहे. मी सांगितलं तर त्याला वाटेल मी गाणं परत मागतो. मी नाही मागत."

मी सांगितलं नाही. आज या वयात, सगळं झाल्यावर, मी कारणं शोधू शकते. पण खरं कारण साधं होतं. हे कळलं तर दादा गाणं टाकून देईल, तो तसा हळवा होता. आणि अण्णांचं "हे राहील" वाया जाईल. त्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला मोडायचा नव्हता. उद्या सांगू, असं म्हणत महिने गेले आणि गाणं जिल्हाभर झालं. तिकडे येवल्यापर्यंत, इकडे कळवणपर्यंत. "हळदवाली पार्टी" म्हणून लोक आम्हाला ओळखायला लागले, ज्याचा अण्णांना थोडा रागही येई.

त्याच गाण्यासाठी आम्हाला देवळ्याच्या अलीकडच्या एका गावातून बोलावणं आलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे आता माझ्या नात्यातल्या मुली नांदतात. लग्न आपल्या वस्तीतलं. नवरदेव मुंबईला नोकरीला, त्याने हट्ट धरला होता की वरात मधल्या गल्लीने जाईल. त्या गल्लीने आपली वरात आजवर कधी गेली नव्हती. वस्तीतली म्हातारी माणसं नको म्हणत होती, तरणी हो म्हणत होती. दुपारी तीनच्या सुमाराला वरात निघाली. आम्ही टेंपोमागे पायी. कांद्याच्या चाळी मागे पडल्या आणि गल्लीचं तोंड आलं. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं बसलेली होती, हलत नव्हती, बोलत नव्हती. आमच्यातल्या बायकांचे आवाज बारीक झाले. किसनकाकांचा ठेका ढिला पडला. तेव्हा दादाने गळ्यातला बेंजो बाजूला सारला, पुढे झाला आणि तिथल्या तिथे, कधी न लिहिलेलं कडवं त्याने उंच आवाजात टाकलं. "मधल्या गल्लीनं कोण चाललं गं?"

आम्ही म्हणालो, "आम्ही गं आम्ही."

मी आयुष्यात इतक्या मोठ्याने काही म्हटलेलं नाही. अंगावर काटा आला होता. भीती कुठे गेली ते कळलंही नाही. मला वाटलं, हीच ती सिफोची गोष्ट, माणूस एकटा पडत नाही. वस्तीतल्या बायका, ज्या घरातून वाकून निघाल्या होत्या, त्याही म्हणायला लागल्या. दादाने तेच कडवं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना दगड आला. मग कुठून कुठून आले. आम्ही पळालो. गाणं थांबलं आणि पळापळ झाली, अगदी त्याने सांगितलं होतं तशी. मी दादाच्या शेजारची होते. ओळ मी घ्यायची होती. मी एका गोठ्यात शिरून तोंडात पदर कोंबून बसले. बाहेर आले तेव्हा दादा बेंजोवर पालथा पडला होता आणि बेंजोच्या तारा त्याच्या केसांत गुंतल्या होत्या.

सिव्हिल हॉस्पिटलात तो नऊ दिवस होता. मेंदूला मार होता, डोळे उघडले नाहीत. माय खाटेच्या लोखंडी दांडीला धरून बसायची आणि लेकाला लाडाने भाऊ म्हणत एकच बोलायची, "डोया उघड रे मना भाऊ." अण्णा बाहेरच्या बाकावर. ते आत येत नव्हते. त्यांना वाटे, आपण आत गेलो आणि तेवढ्यात काही झालं तर. सिफो रोज कॉलेजमधून थेट यायचा. नर्सबाईंच्या पाया पडून त्याने टेपरेकॉर्डर आत आणला आणि दादाच्या उशाशी हळू आवाजात गिटारांची कॅसेट लावली. त्याला खात्री होती की दादाचा कान जिवंत आहे. शेजारच्या खाटांवरचे पेशंटही गप्प ऐकायचे. तिसऱ्या दिवशी गिटाराबरोबर दादाचं बोट हललं असं मायला दिसलं. ती धावत बाहेर जाऊन अण्णांना सांगून आली. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं, आणि असं होतं, याला अर्थ नसतो, असं म्हणून गेले. मायने तरी त्या बोटावरची नजर पुढचे सहा दिवस काढली नाही.

पोलीस आले ते गाण्याची चौकशी करायला. तक्रार आमच्यावरच होती. चिथावणीचं गाणं म्हटल्यामुळे गावात तणाव झाला, अशी. हवालदाराने अण्णांपुढे कागद धरला. "गाणं सांगा. शब्दन् शब्द." अण्णांनी बाकावर बसूनच, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "हळद कुणी दळली गं." हवालदाराने मान वर करून पाहिलं. बिचाऱ्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतो.

आठव्या दिवशी माय चूळ भरायला गेली तेव्हा मी दादाच्या कानाशी वाकले. सगळं सांगितलं. गाणं कशाचं आहे, मला कधीपासून माहीत आहे, का सांगितलं नाही. आधी सांगितलं असतं तर तू गाणं टाकलं असतंस, मग बोलावणं आलं नसतं, मग आपण गेलो नसतो. एकदा डोळे उघड आणि मला मार, असं म्हणाले. त्याच्या कानाला औषधाचा वास येत होता. तो ऐकत होता की नाही हे मला कधीच कळणार नाही, आणि हे न कळणं मी अजून सोसते आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

बायका स्मशानात जात नसत. आम्ही गेलो, माय पुढे चालायला लागली, तिला अडवणारा माणूस जन्माला यायचा होता. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं. मग पद्धतीप्रमाणे गायनपार्टीने म्हणायचं. एवढ्या लोकांच्या मयतीला आम्ही म्हटलं होतं. सगळे अण्णांकडे पाहायला लागले. अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा कुणीतरी म्हणालं, अण्णा, गौतमसाठी. अण्णांनी तोंड फिरवलं. नदीकाठच्या कावळ्यांचा आवाज तेवढा येत होता.

तेव्हा सिफो पुढे झाला. हात मांड्यांना लावले आणि त्याच्या भाषेत त्याने सुरू केलं. दोन ओळी झाल्या आणि लोकांनी चाल ओळखली. गर्दीत गडबड उठली. किसनकाका धावले आणि त्यांनी त्याची कॉलर धरली. "हळदीचं गाणं म्हणतो? आमच्या पोराच्या मयतीला? लाज नाय?" चार-पाच जण सरसावले. सिफोने हात उचलला नाही, काही सांगितलंही नाही. त्याने फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, "काका, सोडा त्यांना. ते हळदीचं नाही. ते मयतीचंच आहे. मला माहीत होतं." आवाज माझा होता असं मला वाटलं नाही. मी सगळ्यांसमोर सांगितलं, गाण्याचा अर्थ, त्याची रीत, मी लपवलं तेही. अण्णांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ती नजर रागाची नव्हती. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. किसनकाकांचा हात आपोआप सुटला. सिफोने पुन्हा ओळ घेतली. पण या वेळी तो त्याच्या भावालाही पोचवत होता, किंवा मला तसं वाटलं, आणि अर्ध्यावर त्याचा आवाज फुटला. एवढा उंच माणूस गुडघ्यावर आला.

त्याच्या शेजारी मी होते. मला त्यांचे शब्द येत नव्हते. मी आपल्याच भाषेत विचारलं, "याचं ओझं कोण उचलणार गं?" कुणी बोललं नाही. चालही नीट लागली नव्हती. मी पुन्हा विचारलं. पुन्हा कुणी नाही. तेवढ्यात मागून माय म्हणाली, "मी." गाण्यात नाही, साधंच, भाजीवालीला म्हणावं तसं. मग कोरसच्या तिघी म्हणाल्या, आम्ही. मग किसनकाका. मग सगळे. अण्णा म्हणाले नाहीत.

दगड मारणाऱ्यांवर खटला उभा राहिला तेव्हा त्या वस्तीतली माणसं साक्षीला आली. त्यांना त्याच गावात राहायचं होतं, त्याच विहिरीवर, त्याच शेतांवर. एकेकाने सांगितलं, आम्ही काही पाहिलं नाही. गाणं ऐकलं नाही. मधल्या गल्लीचं कडवं? असं कडवं कुणी म्हटलंच नाही. ज्या बायका माझ्या शेजारी कंठ फुटेपर्यंत "आम्ही गं आम्ही" म्हणत होत्या, त्याही जमिनीकडे बघत तेच म्हणाल्या. सगळे आरोपी सुटले. मला त्या बायकांचा अनेक वर्षं राग होता. माणसं मारली जातात ते समजत होतं. पण शब्दही झाले नव्हते असं ठरवलं जावं, हे मला सहन होईना. दादाचं ते शेवटचं कडवं. त्याने कुठे लिहिलं नव्हतं आणि कायद्याने ते नव्हतंच.

पार्टी मोडली. अण्णांनी पेटीला कुलूप घातलं. सिफोचं शिक्षण संपलं, तो कुठल्यातरी तिसऱ्या देशात गेला. जाताना मायने त्याला कुळथाच्या पिठाची पुरचुंडी दिली. त्याने आपलं पत्र येईल असं सांगितलं होतं, ते आलं नाही. त्यांचा देश मोकळा झाला तेव्हा टीव्हीवर रस्तेच्या रस्ते नाचताना दाखवले. मी पडद्याला नाक लावून एकेक चेहरा शोधला. माझे मिस्टर म्हणाले, अगं, लाखो माणसं आहेत. मी म्हणाले, असू देत.

अण्णा नंतर पुष्कळ जगले. एकदा, अगदी शेवटच्या दिवसांत, मी त्यांना औषध पाजत होते. ते मध्येच म्हणाले, "शब्द इचारायला पायजे व्हते." मी म्हटलं, "अण्णा, मला माहीत होते, मी सांगायला हवं होतं." ते म्हणाले, "नियम माझा व्हता ना." आमच्या दोघांत त्या विषयावर झालेलं हे एवढंच बोलणं.

गेल्या उन्हाळ्यात पुतणीच्या मुलीची हळद होती. हायवेलगतच्या एका लॉन्सवर, दुपारी. लाईट गेली आणि डीजे बंद पडला. पोरी हिरमुसल्या. तेव्हा बायकांनी तोंडानेच सुरू केलं, "हळद कुणी दळली गं." ते गाणं अजून म्हणतात, मी ऐकलेलं आहे. कुणी केलं हे कुणाला ठाऊक नसतं आणि मी सांगत नाही. मी खुर्चीवर बसून होते, हातात सरबताचा ग्लास. दळली झालं, लावली झालं, म्हणजे गाणं संपलं. मी ग्लास खाली ठेवला. तर मागच्या रांगेतून एक बाई, देवळ्याकडची, नवऱ्यामुलाच्या आत्यांपैकी कुणीतरी, पस्तिशीची असेल, म्हणजे त्या दुपारी जन्मलीही नव्हती, टाळी धरून पुढे म्हणाली, "मधल्या गल्लीनं कोण चाललं गं?"

मी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिला कुणी शिकवलं असेल? आईने, आजीने, चुलीपुढे, दार लावून? कोर्टात जमिनीकडे बघणाऱ्या त्या बायकांपैकी कुणी? ती माझ्याकडे बघून हसली, म्हातारीला नीट ऐकू आलं नसेल असं समजून तिने ओळ पुन्हा म्हटली, माझ्यासाठी, सावकाश.

मी म्हणाले, "आम्ही गं आम्ही."